र नसलेले महिने

“आणि उन्हाळ्यात?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“उन्हाळ्यात आईला तेल कसं देणार? र नसतो ना,” गुन्वोर म्हणाली.

डॉक्टरीणबाई दक्षिणेकडच्या, वयानं गुन्वोरच्या मुलीएवढ्या. त्यांना काही उमगलं नाही. मग गुन्वोरनं समजावून सांगितलं. ज्या महिन्याच्या नावात र असतो, त्या महिन्यात रोज सकाळी कॉड माशाच्या यकृताच्या तेलाचा एक चमचा घ्यायचा. सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत. मे ते ऑगस्ट र नाही, म्हणून तेल बंद. तेव्हा सूर्य रात्रंदिवस आकाशात ठाण मांडून असतो, तेलाचं काम तोच करतो. इथं देशाच्या उत्तर टोकाला, फिनमार्कच्या किनाऱ्यावर, हे शेंबडं पोरही सांगेल.

“आमच्याकडे कधी एक चमचा चुकला नाही, बाई,” ती जरा तोऱ्यातच म्हणाली.

“नियम वाईट नाही. पण तो उन्हात राबणाऱ्यांचा. तुमच्या आई या उन्हाळ्यात बाहेर पडायच्या का?”

गुन्वोरचा तोरा तिथंच उतरला.

आईचे गुडघे थकले होते, ती बहुतेक वेळ खाटेवरच असायची. रात्रभर उजेड असला की तिला झोप नाही, आणि जागी राहिली की ती हाका मारायची. गुन्वोरला तर पहाटे उठून मासळीच्या कारखान्यात उभं राहायचं असायचं. म्हणून मे लागताच तिनं आईच्या खिडकीला जाड काळा पडदा लावला. हाका थांबल्या. दिवसा तो पडदा उघडायचा राहून जायचा. खरं तर राहून जायचा नाही, रात्री पुन्हा ओढून घ्यायचा तिला कंटाळा यायचा.

“रक्तात ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच,” डॉक्टरीणबाई सांगत होत्या. “हाडं मऊ, पायांत जोर नाही. वयही झालंय म्हणा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

तसं म्हटलं की माणूस नेमकं तेच करतो. न्हाणीघरात जाताना आई पडली होती आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. आता ती पुन्हा उभी राहिली तरच घरी येणार होती, नाहीतर वृद्धाश्रमात. आज सकाळी दोन परिचारिकांनी धरूनही तिला उभं राहता आलं नव्हतं.

गुन्वोर इस्पितळातल्या खाटेपाशी आली तेव्हा आई टक्क जागी होती.

“काय म्हणाली गं ती पोरगी?”

गुन्वोरनं काही लपवलं नाही. “माझ्यामुळं झालं, आई. तेल बंद केलं, वर तुला अंधारात कोंडून ठेवलं.”

“तेलाचं मीच शिकवलं तुला. ते माझ्या माथी.”

“आणि पडदा?”

“पडदा तुझ्या माथी,” आई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

“एकदा सांगायचंस तरी. मी उघडला असता. मी डोकावायचे तेव्हा तू गाढ झोपलेली असायचीस.”

“झोपते कसली. बाहेर पोरं खेळायची, ते ऐकत पडायचे. तुझं पाऊल वाजलं की डोळे मिटून घ्यायचे. मी जागी दिसले असते, तर तू बसून राहिली असतीस. मग कामावर उभी कशी राहणार होतीस?”

गुन्वोरला रडू आलं, पण रडायचा आपल्याला हक्क नाही असं वाटून तिनं ते गिळलं. तिनं आईच्या अंगावरची चादर सारखी केली. आईनं डोळे मिटले. गुन्वोर तिच्या तोंडाकडे बघत बसली. आई झोपली आहे की नाही, ते तिला ओळखता येईना.