तीस फेब्रुवारी

सेकंदरावांच्या नावावर एकोणीस पेटंटं होती. अठरा इलेक्ट्रॉनिक घड्याळांची. त्यांच्या वाटेला आजवर कुणी गेलं नव्हतं. एकोणिसावं मात्र त्यांचा जीव की प्राण. चिपच्या कारखान्यात सिलिकॉनच्या पातळ चकत्या असतात, बोट लागलं तरी वाया जाणाऱ्या. त्या नुसत्या हवेच्या फुंकरींवर उचलणारं यंत्र त्यांनी घराच्या मागच्या खोलीत जुळवलं होतं. आता एक कंपनी म्हणत होती, ही कल्पना आमची, तीन वर्षांपूर्वीच्या चार मार्चची. आधी कुणाला सुचलं, एवढंच ठरायचं होतं. हरले तर पेटंटवरचं नाव पुसलं जाणार होतं.

सेकंदराव निर्धास्त होते, कारण त्यांच्याकडे वही होती. रोज संध्याकाळी दिवसभराचं काम लिहायचं, खाली तारीख, सही, आणि शेजारी साक्षीदार म्हणून बायकोची सही. बायको शाळेत शिक्षिका. भाजी चिरता चिरता यायची, पानाकडे बघायची, ओल्या हाताने सही करायची आणि जायची. ती काय वाचणार डोंबल, असं ते चारचौघांत सांगत.

सुनावणीच्या आदल्या दिवशी त्यांच्या वकीलबाईंनी नेमकं त्या यंत्राच्या कल्पनेचं पान उघडलं. आकृती सुरेख होती. तारीख होती तीस फेब्रुवारी.

त्याचं असं झालं, की त्याच फेब्रुवारीत सेकंदरावांनी नवं घड्याळ टेबलावर मांडलं होतं, वर्षाला एक सेकंदही न चुकणारं. सेकंदांच्या नादात कुठला महिना किती दिवसांचा, हे त्याला शिकवायचं राहूनच गेलं. आणि घरचं घड्याळ असताना कॅलेंडरकडे बघणं हा त्यांना कमीपणा वाटायचा. त्यांनी तारीख बिनदिक्कत घड्याळावरून उतरवली होती.

"हा दिवस कुठल्या साली येतो हो?" वकीलबाईंनी विचारलं.

सेकंदरावांच्या तोंडचं पाणी पळालं. पान मागाहून घुसडलंय, असंच कुणीही म्हणणार होतं. तेवढ्यात वकीलबाईंचं बोट बाजूच्या सहीवर थांबलं. सहीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, दोन मार्च. रोज सकाळी फळ्यावर तारीख लिहिणारी बाई. तारखेशिवाय सही तिच्या हातून व्हायचीच नाही. वहीच्या प्रत्येक पानावर तिची तारीख होती, आणि सेकंदरावांनी ती एकदाही वाचली नव्हती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सुनावणीत अधिकाऱ्याने सगळी पानं उलटून पाहिली आणि तिला विचारलं, नवऱ्याची तारीख चुकलेली दिसत असताना सांगितलं का नाही?

"सांगायला गेले होते," ती म्हणाली. "ते म्हणाले, तू फक्त सही कर."

अधिकाऱ्याने तेही लिहून घेतलं. पेटंट बचावलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेकंदरावांनी पान लिहिलं आणि तारखेची जागा कोरी ठेवली. बायको आली तशी त्यांनी उठून तिला स्वतःची खुर्ची दिली. अगं, तारीख तूच घाल, म्हणाले.

ती बसली. तिने पान वरून खालपर्यंत पाहिलं, पण पेन काही उचललं नाही.

"अहो, परवाच्या पानावर फुंकरी तीन होत्या. इथे चार लिहिल्यात. यातलं खरं कुठलं?"

सेकंदरावांनी परवाचं पान काढून पाहिलं. तीनच होत्या.