केडगावच्या रिक्षावरचा कर्णा

मी छगनच्या रिक्षावरचा कर्णा बोलतोय. कानात बोटं घालू नका, आज हळूच बोलतोय.

माझ्या एका बाजूला पोचा आहे. मिरवणुकीत कमानीला धडकलो, त्याची ती आठवण. आवाज मात्र अजून खणखणीत.

निवडणूक लागली की माझी चंगळ. छगन एका हातात हँडल, दुसऱ्या हातात माइक धरून अख्खं केडगाव पालथं घालायचा. बायका "बारीक कर रे जरा!" म्हणून ओरडायच्या, पण ऐकायला दारातच उभ्या राहायच्या. त्याची एक रीत होती. सुतकाचं घर आलं की मला बंद करायचा, इंजिनही बंद करायचा आणि रिक्षा ढकलत पुढे न्यायचा. कुणाच्या घरी काय झालंय, ते त्याला टपरीवर चहा पितानाच कळलेलं असायचं.

यंदा नगरसेवकपदाला उभ्या राहिलेल्या आरतीताई त्याला म्हणाल्या, "भाऊ, कर्णा नको आता. कॉम्प्युटर माझाच आवाज काढून प्रत्येकाला नावानिशी फोन करणार आहे."

"बरं ताई," छगन म्हणाला. घरी येऊन त्याने मला पुसलं आणि शेडमध्ये खिळ्याला टांगलं. मला फार वाईट वाटलं. त्याच्यासाठी जास्तच.

मग एक फोन राहीबाईंच्या नंबरवर गेला. राहीबाई नुकत्याच गेल्या होत्या. मोबाईल त्यांचे मालक, सूर्यभानमामा, जवळ घेऊन बसायचे. फोनमधून आरतीताईंचा गोड आवाज आला, "राहीबाई, तब्येत कशी आहे? येताय ना मतदानाला?" मामा भरल्या ताटावरून उठले. सगळी गल्ली चिडली.

ताई धावत छगनकडे आल्या. "कर्णा लावा भाऊ. गल्लीसमोर माफी मागते."

मी तर हरखूनच गेलो. पुन्हा रिक्षावर चढलो! पण मामांच्या गल्लीच्या तोंडाशी छगनने इंजिन बंद केलं आणि ताईंच्या हातातून माइक काढून घेतला.

"कर्ण्यावरनं कसली माफी मागता ताई? घरात जा. त्यांच्यापाशी बसा जरा."

आलेलं काम त्याने असं हातचं घालवलं. क्षणभर मला त्याचा रागच आला. तो मात्र रिक्षा ढकलत मामांच्या दारापर्यंत आला. ताई आत गेल्या. आत काय बोलणं झालं, मला माहीत नाही.

बऱ्याच वेळाने मामा बाहेर आले. डोळे लाल होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "छगन, मुका का ठिवलाय त्याला? मतदान कदी हाय, ते तरी सांग. मला जायचंय. तिनं कदी चुकवलं न्हाई."

छगनने मला चालू केलं, पण आवाज अगदी बारीक ठेवला. आयुष्यभर मी गर्दीसाठी ओरडलो, त्या दिवशी पहिल्यांदाच एका माणसासाठी बोललो. मामा उंबऱ्यात उभे राहून शेवटच्या शब्दापर्यंत ऐकत होते.

आता पुन्हा खिळ्यावर आहे. मोबाईलशी माझं भांडण नाही, तो माझ्यापेक्षा लांब पोचतो. फक्त कुणाचं नाव घ्यायच्या आधी एकदा त्याच्या दारावरून जाऊन या. आणि हो, मतदानाला नक्की या. एवढं म्हटल्याशिवाय मला थांबताच येत नाही.