खालचा थर

विज्ञानाच्या सरांना मुलं पाठीमागे ‘लालपेन’ म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटायचं. सव्वीस वर्षांत एकही वही त्यांच्या शेऱ्याशिवाय सुटली नव्हती. पण मुख्याध्यापिकाबाईंनी फर्मान काढलं, की प्रत्येक शिक्षकाने टॅबलेटवर स्वतः एक चित्रकथा तयार करायची आणि सगळ्या शिक्षकांसमोर ती वापरून वर्गात धडा घेऊन दाखवायचा. सरांचा आणि चित्रकलेचा तर छत्तीसचा आकडा. त्यांनी फळ्यावर काढलेल्या गाईला मुलं टेबल समजत.

चार दिवस ते टॅबलेटशी झटले. माणसाचं पोट काढायला जावं तर गाठोडं व्हायचं. पाचव्या दिवशी कपाटात काहीतरी शोधताना खारूची वही हाती लागली. खारू म्हणजे सातवीतली ती पोरगी, सदा पेन्सिलीचं टोक कुरतडणारी. पचनसंस्थेचा धडा चालू असताना ती खाली मान घालून काहीतरी काढत होती, म्हणून सरांनी वही हिसकावून घेतली होती. पानावर आडवा शेरा मारून तो वर्गात वाचूनही दाखवला होता: ‘तासाला चित्रे काढते. लक्ष नाही. आईला घेऊन येणे.’

आता ते पान त्यांनी पहिल्यांदा नीट पाहिलं. एक वाटाणा हातात बॅग घेऊन तोंडात शिरला होता. दातांनी त्याची बॅग तपासली. जठरात त्याला आंबट पाण्याची आंघोळ घडली, आणि लहान आतड्यात तो रांगेत उभा राहून पुढच्याला विचारत होता, ‘अहो, अजून किती मीटर?’ सर एकटेच खो खो हसले. धड्यातली एकूण एक गोष्ट बरोबर होती. लक्ष नसलेल्या पोरीला हे सुचलंच नसतं, एवढं त्यांना तेव्हाच कळलं. पण कळलं तरी त्या चित्रांचा मोह सुटला नाही.

संध्याकाळी घरी त्यांनी आपल्या मुलीला विचारलं, “चित्र गिरवायचं असेल तर यात काही सोय असते का गं?”

“असते की. खालच्या थरात फोटो ठेवायचा, वरच्या थरावर तुम्ही गिरवायचं. झालं की खालचा थर लपवायचा, बाबा. पण चित्रं कुणाची आहेत?”

“एका पुस्तकातली,” सर म्हणाले आणि कान लाल झाले म्हणून उगाच पाणी प्यायला उठले.

प्रत्यक्ष दिवशी वर्ग गच्च भरला होता. मागच्या बाकांवर शिक्षक दाटीवाटीने बसले होते. प्रोजेक्टरमधून भिंतीवर वाटाणा उमटला आणि हशा पिकला. मुख्याध्यापिकाबाई रुमालाने डोळे टिपत म्हणाल्या, “सर, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!”

सरांनी नम्रपणे मान झुकवली. खरं सांगायची संधी तिथे होती, आणि त्यांनी ती गिळली. दुसऱ्या बाकावर खारू बसली होती. तिची शेजारीण तिला कोपराने ढोसत होती, आणि ती मात्र पेन्सिल कुरतडायचीही थांबली होती.

तिसऱ्या पानावर घात झाला. बोट कितीही फिरवा, पान पुढे सरकेना. सर घामाघूम झाले. “कुणाला येतं का रे हे?”

“खारूला, सर! खारूला!” अख्खा वर्ग ओरडला.

ती उठून आली. तिने एक खूण दाबली आणि टॅबलेटच्या पडद्याच्या कडेला थरांची यादी उघडली. वरच्या चौकोनात सरांचं चित्र होतं. खालच्या चौकोनात तिच्या वहीचं पान, त्यावर लाल शाई. सरांनी थर लपवला होता, पण पुसून टाकला नव्हता. भिंतीवर तो चौकोन काडेपेटीएवढा दिसत होता. इतर कुणाला त्याचा अर्थ लागला नसता. खारूने एकदा तिकडे पाहिलं, सरांकडे पाहिलंच नाही. यादी मिटली, पान पुढे सरकवलं आणि ती हळूच म्हणाली, “झालं, सर.”

तिने ओरडायला हवं होतं, असं सरांना वाटलं. निदान रागाने पाहायला तरी हवं होतं. बारा वर्षांच्या पोरीने त्यांची अब्रू झाकली होती आणि ती निमूट जागेवर जाऊन बसत होती. लाजेने सरांना भिंतीकडे पाहवेना.

धडा संपला. टाळ्या पडल्या. बाई म्हणाल्या, “पुन्हा एकदा पहिलं पान दाखवा हो, फोटो काढते.”

सरांनी पहिलं पान आणलं. मग थरांची यादी उघडली आणि वरचा थर लपवून खालचा उघडला.

भिंतभर त्यांचंच अक्षर पसरलं. त्या लाल रेघोट्यांखाली तोच वाटाणा होता, तीच बॅग, फक्त कितीतरी जास्त जिवंत. बाईंचा फोन हवेतच राहिला.

“हे हिचं आहे,” सर खारूकडे हात करून म्हणाले. “मी नुसतं गिरवलं. शेरा तेवढा माझा. तो चुकला. मी चोरी केली, आणि आत्ता टाळ्याही घेतल्या.” मग पिशवीतली वही काढून ते दुसऱ्या बाकापाशी गेले आणि ती तिच्यापुढे ठेवली. “मला माफ कर.”

खारूने वही जवळ ओढली. शेऱ्यावर बोट ठेवलं. ती काय म्हणेल ते ऐकायला सगळा वर्ग कानात प्राण आणून बसला होता.

“सर,” ती म्हणाली, “शाळेत यायला आईला सुट्टी मिळत नव्हती. तिने साहेबांच्या हातापाया पडून उद्याची घेतलीय. घरी गेल्यावर तिला काय सांगू?”

लालपेन सरांनी खिशातलं पेन काढलं आणि शेऱ्यातलं ‘आईला घेऊन येणे’ खोडलं. मग त्याखाली लिहिलं: ‘उद्या आईला भेटायला मीच घरी येतो.’