मला दादाच्या घराबाहेर कुणी काढलं?

मी एक जुनी फाईल आहे मित्रांनो, पण कपाटात धूळ खाणारी नव्हे बरं का! पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारी एक सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच आहे, सगळ्यांना खुला. त्यातला कोड कुठल्या क्रमानं जोडायचा, आवाजाचा भाग कुठून उचलायचा, हे कॉम्प्युटरला सांगते ती मी, बिल्डची फाईल. चाळीसच ओळींची, पण माझ्यावाचून तिथे पान हलत नाही!

मला लिहिलं एका प्रोग्रामरनं. घरात त्याला दादा म्हणतात. त्याच्या लॅपटॉपवर मी पहिल्या झटक्यात चालले. काय कौतुक झालं माझं! मग तीन वर्षं त्यानं मला उघडलंच नाही. दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर मी तोंडावर आपटायचे, लोक तक्रारी लिहायचे, आणि दादाचं ठरलेलं उत्तर, "माझ्याकडे तर चालतं."

मग त्याच्या आत्याची दृष्टी गेली. आत्या छापखान्यात मुद्रितं तपासायची. चुका पकडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. छापखान्याचे साहेब म्हणाले, सोमवारी कॉम्प्युटरवर ऐकून काम करून दाखवा, तरच खुर्ची तुमची. तिचा कॉम्प्युटर वेगळ्या जातीचा. रविवारी दादानं मला तिथे चालवलं. चुका सांगणाऱ्या लाल ओळी! पुन्हा लाल!

"माझ्याकडे तर चालतं गं," दादा कुरकुरला.

"मग नोकरीपुरती तुझ्याकडे राहायला येऊ? मोठ्यानं वाच ती फाईल. एकही ओळ गाळू नकोस."

दादा वाचू लागला. एकोणिसाव्या ओळीवर आत्या म्हणाली, "थांब. इथे तुझं नाव कसं आलं?"

"आवाजाचा भाग माझ्या लॅपटॉपवर ज्या फोल्डरमध्ये आहे, त्याचा पत्ता आहे तो."

"अरे शहाण्या, तुझ्या घरचं कपाट माझ्या घरात कसं सापडेल तिला?"

दादानं कपाळावर हात मारला. पत्ता खोडला आणि मला शिकवलं, ज्या कॉम्प्युटरवर जाशील, त्यालाच पत्ता विचार. मी विचारलं, त्यानं सांगितलं! दादानं मला तीन जातींच्या कॉम्प्युटरांवर चालवून पाहिलं, तिन्हीकडे 'चाललं' सांगणाऱ्या हिरव्या खुणा! आत्याचा कॉम्प्युटर घडाघडा बोलू लागला.

सोमवारी आत्यानं जेवणाच्या सुट्टीआधीच सतरा गाळलेले शब्द पकडले. चांगल्या डोळ्यांच्या दोघांनी ती पानं आधी तपासली होती! खुर्ची तिचीच राहिली.

मित्रांनो, कुणी "चालत नाही" म्हणालं, तर रागावू नका. त्याच्या शेजारी बसा आणि मला मोठ्यानं वाचा.