तीन पंखांचा चतुर

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. वाटेत ठेच लागते तसला नव्हे, उगाच गैरसमज नको! बांगडीएवढा, गोल, मधोमध भोक असलेला, काचेवर नक्षी कोरणारा दगड. आणि मी भयंकर चिडलेला आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

खाणीतल्या कातळातून मला काढलं, घासून चकती केली आणि मी मावशीकडे आलो. मावशी काचेवर कोरीव काम करायची. सगळी गल्ली तिला मावशीच म्हणते. ती मला यंत्राच्या दांड्यावर बसवायची. वरून पाण्याची बारीक धार सोडायची, कारण कोरडा फिरलो तर माझी वाट लागते. मग मी गरागरा फिरायचो आणि ती काच माझ्या कडेला टेकवायची.

तिला झाडापाल्याचं, किड्यामुंग्यांचं भारी वेड. पान किडीने खाल्लेलं असेल तर ती भोकंसुद्धा कोरायची. चतुर बघायला तळ्याकाठी चिखलात बसून राहायची आणि घरी येऊन मलाच सांगायची, "दिसल्या रे बाबा, पंखावरच्या शिरा दिसल्या!" त्या शिरांसाठी तिने वर्षानुवर्षं माझी कड झिजवून केसासारखी बारीक केली. लोक तिच्या हाताची तारीफ करायचे. ती म्हणायची, "निम्मं श्रेय याचं."

शेवटी तिने वाचनालयाच्या खिडकीसाठी काच घेतली. लव्हाळ्यावर टेकलेला चतुर. तीन पंख झाले. तिचे हात आता थरथरू लागले होते. "हा चौथा तेवढा होऊ दे," ती म्हणाली, "मग मी सुटले." आणि डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी गेली.

घरात राहिला तिचा भाचा. त्याच वाचनालयात पुस्तकं देतो, म्हणजे शिकलासवरलेला! त्या शहाण्याने माझ्यावर सुऱ्यांना धार लावली. शेजाऱ्यांच्या कात्र्याही आणल्या. आणि पाण्याचा थेंब नाही! ठिणग्या उडत होत्या आणि हा खुशीत शीळ घालत होता. माझ्या कडेचे टवके उडाले. मला ओरडता आलं असतं ना, तर त्याच्या कानाचे पडदे फाडले असते!

मावशी परत आली. सवयीने तिने माझ्या कडेवरून नख फिरवलं आणि ती थांबली.

"याला कुणी हात लावला?"

"अगं मावशी, दगडच तर आहे," भाचा हसला. "नवा आणतो की!"

"आण," मावशी म्हणाली. तिचा आवाज चढला. "याची कड बारीक व्हायला माझं अर्धं आयुष्य गेलंय. नवा दगड आण, आणि येताना माझ्यासाठी नवे हातही घेऊन ये!"

भाच्याचा चेहरा खर्रकन उतरला. चौथा पंख राहिला तो राहिलाच.

मावशीने काच तशीच बसवायला लावली आणि मला त्या खिडकीत ठेवलं. "मुलं विचारतील," ती भाच्याला म्हणाली. "तूच सांगायचं."

मित्रांनो, कुणाच्या हत्याराला हात लावण्याआधी त्या माणसाला विचारा. एवढंही जमत नसेल, तर हात खिशात ठेवा.

मुलं रोज विचारतात, "काका, याचा एक पंख कुठे गेला?" भाचा मान खाली घालतो आणि हळूच माझ्याकडे बोट दाखवतो.

माझ्याकडे काय दाखवतोस रे? स्वतःकडे दाखव!