पासष्टावा ताव

सेल्युलॉइडचा ताव खिडकीच्या उजेडात जरा तिरका धरला, की त्यावर काढलेल्या नव्या कोल्ह्याखाली पुसलेले कोल्हे दिसत. शाई गेलेली, टाकाचा ओरखडा राहिलेला. तोमेने मोजले. सहा होते.

पहिले चौसष्ट ताव तिच्या मुलाचे, नोबुयोशीचे; एकामागून एक कॅमेऱ्याने टिपले की कोल्हा पडद्यावर चालणार होता. चौसष्टाव्यावर कोल्ह्याने पुढचा पाय उचलला होता, तेवढ्यात सैन्याचं बोलावणं आलं आणि तो गेला. वसंतात त्याच्या मृत्यूची सूचना आली, पाठोपाठ पांढऱ्या कापडातली अस्थींची पेटी. ती हलवली तरी आत काही वाजलं नाही. त्याचे वडील जुन्साकु तेव्हा एवढंच म्हणाले, "आधी त्याचा सिनेमा पुरा करू. मग अंत्यविधी."

त्याला आठ महिने झाले. पेटी कपाटावरच होती.

जुन्साकु दातांचे डॉक्टर. दवाखान्यातून वेळ काढून ते पासष्टाव्या तावापासून पुढची चित्रं काढत आणि तोमे पट्टीने पावलांचं अंतर मोजून देई. मुलाचा कोल्हा एका तावात बारा मिलिमीटर पुढे सरके; वडिलांचा नऊ, फार तर साडेनऊ. अंतर कमी भरलं की सगळे ताव पाण्यात, पुसून पुन्हा काढायला. नवे ताव मिळणं केव्हाच बंद झालं होतं.

"चौसष्टपर्यंत तरणाताठा, आणि पुढे तुमच्यासारखा गुडघे धरून चालतोय," सिनेमाच्या हौशी मंडळातले इनुकाई सकाळीच येऊन हसून गेले होते. "डॉक्टर, कोरं रीळ एकच उरलंय. किती दिवस दडवून ठेवू?"

"पाऊल जमलं की लगेच," जुन्साकु म्हणाले होते.

शेवटचा रोगी गेला. ते आत आले आणि कोपऱ्यातली पाण्याची परात पुढे ओढून बसले.

"मोज. कमीच असणार."

तोमेने पट्टी लावली. पासष्ट. सहासष्ट. तिने चष्मा पुसला आणि पुन्हा पासष्टपासून सुरुवात केली. शेवटच्या तावावर पट्टी तशीच धरून ती बसून राहिली.

"नऊ ना?"

त्यांचा हात पाण्यात बुडालेला होता. बोटं फडकं चाचपत होती. नऊ म्हटलं असतं, तर पडताळून पाहायला कुणी येणार नव्हतं.

"बारा," ती म्हणाली. "अहो, सगळेच बारा."

"नीट बघितलंस?"

"दोनदा."

पाणी हलायचं थांबलं. त्यांनी हात बाहेर काढला, एकेक बोट सावकाश पुसलं.

"इनुकाईंना रीळ आणायला सांग." मग परात बाजूला सारत म्हणाले, "आणि देवळात निरोप दे. रविवारी नोबुयोशीचा अंत्यविधी करू."