कापलेल्या वायरीची टोकं

वायर ज्योतीनेच कापली. सोमवारी सकाळी, नवरा, गोपाल, सचिन भागातल्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला आणि सासरे अंघोळीला शिरलेले असताना. शिवणकामाच्या कात्रीने, एका झटक्यात. आधी प्लग काढायला ती विसरली नाही. कुठलंच काम ती बेसावधपणे करत नसे. मग कात्री डब्यात, डबा कपाटात आणि स्पीकर पुन्हा कोपऱ्यात, कापलेला भाग भिंतीकडे दडवून. अडीच वर्षांची तापी तोंडात बोट घालून सगळं बघत होती.

"काही नाही गं," ज्योती म्हणाली. कुणी काही विचारलंच नव्हतं.

तापी अजून नीट बोलत नव्हती. आई, बापू, दे आणि नही. झाले चार शब्द. शेजारच्या पार्वतीकाकूंची नात तिच्याच वयाची, ती आल्यागेल्याला गोष्टी सांगायची. ज्योती अमळनेरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेली, मोबाइलवर वाचून वाचून तिने स्वतःला पार घाबरवून घेतलं होतं. डॉक्टर म्हणाले, एवढं काही नाही, शनिवारी कानांची तपासणी करू, तोवर मोठ्या आवाजापासून लांब ठेवा. मोठा आवाज म्हटल्यावर ज्योतीला दुसरं काही सुचलंच नाही. घरात गुन्हेगार हजर होता.

सासरे, दगाबापू, अडतीस वर्षं कापडाच्या कारखान्यात लूमवर होते. कान तिथेच ठेवून आले होते. आणि या माणसाला गाण्याचा नाद, तोही कुठल्या गाण्यांचा, तर इंग्रजी. ते तरणे असताना शेठचा भाचा बडोद्याहून शिकून आला, येताना सत्तरच्या सालांतल्या विलायती बँडच्या कॅसेटी घेऊन. टेप कारखान्यातच लागायचा. चोवीस लूमच्या खटखटाटात हिंदी गाणी बुडून जायची. शब्द कळायचे नाहीत आणि ढोलक ठोक्यात मिसळून जायचा. पण ती इलेक्ट्रिक गिटार. ती सगळ्या गोंगाटावरून जरीच्या काठासारखी वर उठून दिसायची. इंग्रजीचं अक्षर कुणाला कळत नव्हतं. गाणारा कधी गप्प होतो याची कारागीर वाट बघत, आणि तो गप्प झाला की यांचं गाणं सुरू.

त्या तुकड्यांना नावंही त्यांचीच. एक 'धोटा', लूममधल्या धोट्यासारखा इकडून तिकडे पळणारा. एक 'तुटेल दोरा', म्हणजे तुटलेला, त्यात मध्येच सगळं थांबतं आणि कुणी दोरा जोडून दिल्यासारखी गिटार पुन्हा चालू होते. आणि बापूंचं सगळ्यांत लाडकं 'सासरले चालनी', सहा मिनिटांचं, ज्यात गिटार सासरी निघालेल्या पोरीसारखी रडत रडत लांब जाते.

ही गाणी गेल्या वर्षी गोपालने शोधून दिली. बापू तोंडाने वांऽव वांऽव करून दाखवत, गोपाल मोबाइलवर एकेक लावून बघे, बापू स्पीकरवर तळहात टेकवून मान हलवत. नही. हे पण नही. असा महिना गेला. 'सासरले चालनी' सापडलं त्या दिवशी बापूंनी अख्ख्या मजल्याला लोचोचा नाश्ता दिला.

पुढच्याच रविवारी त्यांनी स्पीकरचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. तापी दचकून किंचाळली. ज्योती पिठाच्या हातांनी धावत आली. "बापू, बारीक ठेवा ना. पोरीचे कान जातील." बापूंनी मान हलवली. कळून हलवली की नुसतीच, कोण जाणे. त्यानंतर ज्योती घरी असताना स्पीकर कधी लागला नाही.

ज्योती पर्वत पाटिया भागातल्या एका ऑफिसात साड्यांचे फोटो ऑनलाइन चढवायची. दिवसभर घरी आजोबा आणि नात. म्हणून तिने हॉलमध्ये कॅमेरा बसवला. स्वस्तातला, चित्र दिसायचं, आवाज यायचा नाही. रोज दुपारी डबा खाताना ती बघायची. दोघं स्पीकरसमोर मांडी घालून बसलेले, चारी तळहात स्पीकरवर, बापूंचे डोळे मिटलेले. चित्रातला आवाज ती मनाने भरायची, आणि तो दरवेळी कानठळ्या बसवणारा असायचा.

हे सगळं ती बहिणीला, रंजनाला, फोनवर सांगायची. हॉलमध्येच, बापूंच्या समोर. ते मटार सोलत असायचे. "बहिऱ्याच्या हाती पोर देऊन जाते गं मी. दुसरा उपाय असता तर एक दिवस ठेवली नसती."

"अगं हळू. समोर आहेत ना?"

"असू देत. ऐकू कुठे येतंय."

सोमवारी संध्याकाळी ती ऑफिसातून आली तेव्हा स्पीकर हॉलच्या मधोमध उताणा पडला होता. गोपाल आणि बापू त्याच्यावर वाकलेले. तापी तिसरी. ज्योतीने पोळ्या लाटायला घेतल्या, पण दारातून दिसेल अशा बेताने.

बापूंनी वायरीची दोन टोकं चिमटीत धरली. अंगठ्याने एकेक चाचपलं. ज्योतीचं लाटणं थांबलं. लग्न होऊन आली तेव्हा त्यांनीच तिला दाखवलं होतं: तुटलेल्या दोऱ्याचं टोक पिंजतं, कापलेल्याचं सरळ राहतं. दोरा तुटला तर लूमचा दोष, कापला तर माणसाचा. अडतीस वर्षं हा अंगठा हेच ओळखत आला होता.

"उंदीरनं काम शे," बापू म्हणाले.

"उंदीर? चौथा मजलावर?" गोपाल त्यांच्या तोंडासमोर वाकून हसला. "ऊना कसा? लिफ्टमा बसीसन?"

"मोठा शे," बापू म्हणाले आणि चाकूने वायरीची साल काढू लागले.

"ज्योती, ऐकलंस? पिंजरा आणावा लागेल तुला."

तव्यावरची पोळी करपली. ज्योतीने ती तशीच स्वतःच्या ताटासाठी बाजूला ठेवली.

बापूंनी तारा पिळल्या, काळी पट्टी गुंडाळली, प्लग लावला. ज्योती आवाजाची वाट बघत राहिली. आवाज आलाच नाही. तिला वाटलं, जमलं नाही दुरुस्त करायला. हात पुसत ती बाहेर आली, तर बापू आणि तापी स्पीकरवर हात ठेवून बसलेले. ती जवळ जाऊन वाकली, तेव्हा कुठे ऐकू आलं. गिटार रडत होती, भिंतीपलीकडच्या घरात कुणी रडावं इतकी हळू.

बिघडलाय वाटतं, म्हणून तिने बटणाला हात घातला. तापीने तिचं बोट धरलं आणि मागे आणलं. "नही." बटणाच्या कडेला नेलपॉलिशची लाल रेघ होती. तिच्याच बाटलीतल्या नेलपॉलिशची.

"त्याच्या वर नाही न्यायचं," गोपाल म्हणाला. "तू त्या रविवारी ओरडलीस ना, दुसऱ्या दिवशी बापूंनी माझ्या मोबाइलवर आवाज मोजून घेतला. पोरीला चालेल एवढाच. तापीने मान्य केलंय, विचार तिला."

"एवढ्याशा आवाजात त्यांना ऐकू येतं?"

"छे. हातानेच काय लागेल ते. तुला माहीत नव्हतं?"

नव्हतं. वर्षभर ती रोज बघत होती, तरी माहीत नव्हतं. ज्या माणसाला आपलं गाणं ऐकायला बटण पार शेवटी न्यावं लागलं असतं, त्याने ते रेघेवर आणून ठेवलं होतं, आणि तिने त्याची वायर कापली होती. ती खाली बसली. गोपालसमोर हे बोलायचं कसं? मग तिला बापूंचंच एक बोलणं आठवलं: कारखान्यात आवाज काढून उपयोग नसायचा, चार लूम पलीकडच्या माणसाशी आम्ही नुसते ओठ हलवून बोलायचो.

गोपालकडे पाठ करून, बापूंच्या नजरेसमोर, तिने ओठ हलवले. आवाज न काढता. बापू, वायर मी कापली.

बापूंचे ओठ हलले, तसेच, बिनआवाजाचे. माले माहीत शे.

ज्योतीला क्षणभर हलकं वाटलं. क्षणभरच. कारण लगेच तिच्या डोक्यात पुढचं आलं. यांना ओठ वाचता येतात. म्हणजे मटार सोलताना. म्हणजे काल. परवा. रंजनाशी ती बोललेली एकेक गोष्ट तिला आठवत गेली, आणि तिचे कान तापले.

आणखी एक आठवलं. ती फोनवर बोलायला लागली की थोड्या वेळाने बापू डोळे मिटायचे. मटाराची शेंग तशीच हातात. तिला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, डुलकी लागते.

बापूंनी आताही डोळे मिटले होते. माफी मागायची तर त्यांनी ते उघडायला हवे होते, आणि त्यांच्या गुडघ्याला हात लावून उघडा म्हणण्याचं धैर्य तिच्यात नव्हतं. गाणं अजून चार मिनिटं तरी चालणार होतं. तापीने थोडं सरकून जागा केली. ज्योतीने आपला तळहात स्पीकरवर ठेवला आणि मान खाली घालून वाट बघत बसली.